किती शिट्ट्या झाल्या?

डॉक्टरांना कळायच्या आधी आमच्या कुकरला कळलं होतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

तूरडाळीला आमच्याकडे चार शिट्ट्या. ओट्याशी उभी राहून मी कांदा चिरतेय, शिट्टी होतेय, सगळं नीट ऐकू येतंय; पण नवी शिट्टी झाली की आधीची दुसरी होती की तिसरी, ते काही केल्या सांगता यायचं नाही. कधी डाळ टचटचीत राहायची, कधी तळाला लागायची. शेवटी फ्रिजवरची चुंबकं कामाला लावली. शिट्टी झाली की एक चुंबक डाव्या दारावरून उजव्या दारावर. नवऱ्याला ही युक्ती भारी आवडली, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. मला मात्र त्या चुंबकांकडे बघवायचं नाही. मी टोरोंटोत एका कंपनीत चारशे माणसांचे पगार काढते. आकड्यांवरच माझं पोट आहे.

मला २०११ पासून एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला, एमआरआय झाला, न्यूरॉलॉजिस्टनी मेंदूतले पांढरे डाग दाखवले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, हे वाक्य तेव्हापासून इतक्या जणांना ऐकवलंय की आता ते पाढ्यासारखं तोंडातून निघतं. हा आजार जगात सगळ्यात जास्त आढळतो अशा देशांत कॅनडा मोडतो, त्यामुळे इथे फार फोड करून सांगावं लागत नाही. साताऱ्याला आईला अजूनही 'नसांचं दुखणं' एवढंच सांगितलंय.

डोळा सुधारला. पाय मात्र बिघडत गेले. रात्री दोन-अडीचला पोटरी दगडासारखी होते, गुडघा सरळ होऊन अडकतो, अंगठा आपोआप वर वळतो. पायात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो चोळला की जातो. हा वीस-वीस मिनिटं ठाण मांडून बसतो, आणि तो गेल्यावर पुन्हा येईल या धास्तीने झोप जाते ती वेगळीच. बॅक्लोफेन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, चालू होतं. गोळी वाढवली की पाय सैल, पण इतका सैल की जिन्यात त्याच्यावर भरवसा नाही, आणि दुपारी ऑफिसात मान खाली.

१७ ऑक्टोबर २०१८ला कॅनडात गांजा सगळ्यांसाठीच कायदेशीर झाला. औषध म्हणून तो २००१ पासूनच नियमात बसत होता, पण मी कधी विचारलं नव्हतं. गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यायचा तो देवळामागच्या पारावर चिलीम घेऊन बसलेला बाबा, आणि 'त्याच्याकडे बघू नकोस' म्हणून हात ओढणारी आई. २०१९च्या वसंतात एकदाचं धाडस केलं. डॉक्टर हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी कागद भरून दिला आणि आठवड्याभरात पोस्टाने पार्सल आलं. काळी बाटली, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण, आणि लेबलावर लाल अष्टकोनात पान आणि खाली टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. त्या रात्री जिभेखाली तेल घेऊन झोपले ती सकाळी साडेपाचला उठले. पाय आपला पाय असल्यासारखा पांघरुणात पडला होता. मी नवऱ्याला उठवून दाखवला.

हे सगळं मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये सहाशेहून जास्त एमएसच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती, २००३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. डॉक्टरांनी गुडघा वाकवून ताठरपणा मोजला तेव्हा गांजाच्या अर्काने म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. रुग्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, बरं वाटतंय. यातून ज्याला जो अर्थ काढायचा त्याने तो काढावा. रात्री अडीचला माझा गुडघा मोजायला कुणी येत नाही, त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे.

चूक पुढे झाली, आणि ती हळूहळू झाली. तेलाला चढायला तास-दीड तास लागतो, म्हणून सुकलेल्या फुलाची वाफ ओढायचं यंत्र आणलं. रात्रीचा डोस संध्याकाळी सहावर आला. करोनात घरून काम सुरू झालं आणि दुपारी जेवणानंतरचा एक झुरका कधी रोजचा झाला, मलाही समजलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात वास राहू नये म्हणून अगरबत्तीचा पुडा संपवला, तर एक मैत्रीण विचारते, "कुठली गं ही अगरबत्ती? छान मातकट वास आहे."

मग मे महिन्यात ऑफिसात घोळ झाला. व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीचा पगार मी गोदामातल्या एकतीस जणांच्या नावे दोनदा टाकला. एकदा सकाळी टाकला, आणि टाकलाय हे विसरून दुपारी पुन्हा. पैसे जाऊन बसले, परत वळते करून घ्यायला महिना लागला. साहेबांसमोर बसून मी म्हटलं, हे माझ्या आजारामुळे होतंय. ते एकदम नरमले. मी खोटं बोलत नव्हते, मला अगदी तसंच वाटत होतं. एमएस असलेल्या साधारण निम्म्या माणसांच्या स्मरणशक्तीवर नाहीतर विचारांच्या वेगावर आजार परिणाम करतोच, हे मी वाचलेलं होतं. म्हटलं, आली आपली पाळी.

न्यूरॉलॉजिस्टनी ऑक्टोबरमध्ये मेंदूच्या कामाची चाचणी करायला पाठवलं. छोटी खोली, टेबल, समोर माझ्याच वयाची न्यूरोसायकॉलॉजिस्ट, हातात थांबघड्याळ. कागदाच्या वरच्या ओळीत नऊ खुणा आणि प्रत्येकीखाली एक आकडा. खाली त्याच खुणांच्या ओळीच्या ओळी, आकड्यांविना. वर बघायचं, खुणेचा आकडा बोलायचा, पुढे सरकायचं. वेळ नव्वद सेकंद. पोरखेळ वाटतो. पहिल्या ओळीनंतर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक खुणेला मी पुन्हा वर बघतेय. चार वेळा येऊन गेलेल्या खुणेलाही. जणू दर वेळी तिची नव्याने ओळख होत होती.

दुसरी चाचणी कानाची. एक आवाज दर तीन सेकंदांनी एकेक आकडा बोलतो. आत्ता ऐकलेला आणि त्याच्या आधीचा, यांची बेरीज सांगायची. एकूण बेरीज नाही, फक्त शेवटच्या दोघांची. इथे आणखी एक गंमत होती. तीस वर्षं इंग्रजीत पगार काढूनसुद्धा मी बेरीज मराठीतच करते. डोक्यात 'सात नि आठ पंधरा' होतं, त्याचं इंग्रजी होऊन तोंडात येईपर्यंत पुढचा आकडा येऊन गेलेला, आणि आधीचा आठ होता की पंधरा, याचा पत्ताच नाही. पुन्हा तीच शिट्टी! मी वैतागून म्हटलं, मराठीत सांगू का? ती म्हणाली, "सांगा की, पण मग गुण तुम्हालाच द्यावे लागतील."

खुणांच्या चाचणीत मला ४१ मिळाले. २०१७ साली, गांजा सुरू करायच्या आधी, याच चाचणीत ५३ होते. या चाचणीत चार गुणांची घसरण झाली तरी रोजच्या व्यवहारात फरक पडला असं धरतात. माझी बारांची होती.

मी रडायच्या बेतात होते. तिने एमआरआयचा अहवाल उघडला आणि म्हणाली, दोन वर्षांत नवा डाग एकही नाही. मग पेन खाली ठेवून विचारलं, "गांजा किती घेता?"

"रात्री घेते."

"फक्त रात्री?"

बोटांवर मोजायला लागले. बोटं पुरली, पण जेमतेम.

तिने तेव्हा सांगितलं ते याच शहरात, सनीब्रुक रुग्णालयात झालेलं काम होतं. तिथल्या डॉ. अँथनी फाइनस्टाइन यांच्या गटाने एमएस आणि गांजा यावर वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. त्यांच्या २०११च्या अभ्यासात गांजा घेणारे पंचवीस आणि न घेणारे पंचवीस असे रुग्ण होते, आणि घेणाऱ्यांत बौद्धिक कमतरता दुपटीने जास्त दिसली. यावर कुणीही म्हणेल, कशावरून? ज्यांचा आजार जास्त त्रास देतो तेच जास्त घेत असतील. मीही तेच म्हटलं, जरा तावातावानेच. तर तिने पुढचा अभ्यास काढला. 'ब्रेन' या नियतकालिकात २०१९मध्ये आलेला. आजार झाल्यानंतर गांजा सुरू केलेले आणि तो नियमित घेणारे चाळीस रुग्ण, त्यांचे दोन गट. एकाने चालू ठेवायचा, दुसऱ्याने अठ्ठावीस दिवस बंद. खरंच बंद केला का, हे लघवी तपासून बघितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बंद केलेल्यांची स्मरणशक्ती, वेग, नियोजन, सगळंच सुधारलं होतं. चालू ठेवणाऱ्यांचं होतं तिथेच. एमआरआय यंत्रात पडून हीच खुणांची चाचणी दिली तेव्हा मेंदूचे जे भाग या कामाला लागतात, ते बंद केलेल्यांत जास्त जागे झालेले दिसले.

मला राग आला. पायाला ज्या एका गोष्टीने आराम पडला होता, तिच्याचकडे ही बाई बोट दाखवत होती. घरी येऊन दार आपटलं, आणि सरळ सांगते, त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त घेतला.

पण भारताची तिकिटं काढलेली होती. दादाच्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुक्काम एक महिना. कॅनडातून गांजा बाहेर नेता येत नाही, डॉक्टरचा कागद असला तरी नाही, आणि भारतात १९८५चा अमली पदार्थांचा कायदा. म्हणजे अठ्ठावीस दिवस मला पाळायचे नव्हतेच, ते माझ्या बोर्डिंग पासवर लिहूनच आले होते. डॉक्टरांशी बोलून आधीचे दोन आठवडे डोस उतरवत आणला. बॅक्लोफेन थोडं वाढवून दिलं आणि बजावलं, ही गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही, अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. वहीत रोज रात्री पायाला शून्य ते दहा गुण लिहायचे ठरले.

विमानात पाच. पहिल्या रात्री साताऱ्यात आठ.

पहिला आठवडा आठवला की अजून अंगावर काटा येतो. नोव्हेंबरअखेरीची साताऱ्याची थंडी, घरातले सगळे दोन-दोन पांघरुणं घेऊन, आणि मी पहाटे घामाने चिंब. झोप लागली की स्वप्नं अशी ठळक, रंगीत, की उठल्यावर खरं कुठलं ते ठरवायला वेळ लागायचा. एकदा शाळेतल्या बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. भूक मेलेली. आईने समोर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला तर मला वासही नको. आणि चिडचिड! वहिनीने हळदीच्या पाटाबद्दल काहीतरी साधंसं विचारलं आणि मी तिच्यावर अशी ओरडले की मांडववाला पोरगा शिडीवरून बघत राहिला. संध्याकाळी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे ताई, लग्नघर आहे." तिला बिचारीला काय सांगणार?

आईला सांगावंच लागलं. रात्री माझं कण्हणं ऐकून ती तिळाचं तेल कोमट करून घेऊन आली आणि पोटरी चोळता चोळता विचारलं, तिकडे याच्यावर काय घेतेस? मी सांगून टाकलं. चोळणारे हात थांबले.

"गांजा? आपल्या घरात?"

"तिकडे औषध आहे ते आई."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझे आजे वैद्य होते. ते विजया म्हणायचे. पण ते कुलपात ठेवायचे." आणि पुन्हा चोळायला लागली. ते कुलूप माझ्या डोक्यात राहिलं.

मामेभावाला कुठून तरी कुणकुण लागलीच. तो गच्चीवर गाठून म्हणाला, "अगं, एवढंच ना? इथे काय हवं ते मिळतं." त्याला समजावून सांगितलं की गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, त्यावर सक्तमजुरी आहे, त्या कायद्याने वगळलेली असते ती नुसती पानं, म्हणजे भांग, आणि महाराष्ट्रात तीसुद्धा १९४९च्या दारूबंदी कायद्यात अडकते, परवाना लागतो. तो म्हणाला, "तू तिकडे पगार काढतेस की वकिली करतेस?" मग मी त्याला डॉ. ओशॉनेसींची गोष्ट सांगितली. १८३९ साली कोलकात्यात या आयरिश डॉक्टरने धनुर्वाताच्या आचक्यांवर गांजाचा अर्क वापरून बघितला आणि पाश्चात्त्य वैद्यकाला हे औषध इथून कळलं. फिरून ते माझ्याकडे टोरोंटोत पोस्टाने आलं. भाऊ म्हणाला, म्हणजे आपलीच वस्तू की! मी नको म्हटलं. मोह झाला नाही असं नाही. त्या रात्री पाय सातवर होता.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून घाम थांबला. पाय सहा-सातच्या खाली येत नव्हता, त्यात सुधारणा शून्य. पण लग्नानंतरच्या एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मटार सोलत होते. आई देवघरात. वहिनी मागच्या अंगणात, आहेराची भांडी कुणाची कुठली यावरून आत्याशी वाद चाललेला, मी त्यात तोंड घालतेय. आईने तिकडून हाक मारली, "किती झाल्या गं?"

"तीन," मी म्हटलं. "आणखी एक होऊ दे."

आणि हातातली शेंग तशीच राहिली. मी मोजत नव्हते. चुंबकं नव्हती, ओट्याशी उभी नव्हते, भांडत होते. तरी तीन. चौथी झाली, गॅस बंद केला, झाकण पडल्यावर डाळ बोटाने दाबून बघितली. लोण्यासारखी शिजली होती. आईला वाटलं मला भूक लागलीय.

परत आल्यावरही चाचणी होईपर्यंत डबी उघडली नाही. नाताळच्या आठवड्यातले दुहेरी पगार काढले, वर्षअखेरीचा हिशेब केला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच खोली, तेच थांबघड्याळ. खुणांचा कागद वेगळा होता, पाठ झालेला उपयोगी पडू नये म्हणून. या वेळी अर्ध्या वाटेत जाणवलं की माझे डोळे वर जातच नाहीयेत. ४९ गुण. बेरजेच्या चाचणीतही आकडे हातातून निसटले नाहीत. मराठीत बेरीज, इंग्रजीत उत्तर, आणि तरीही पुढच्या आकड्याला मी दारात हजर.

मी खूश, पण ती बाई सावध. म्हणाली, महिनाभर सुट्टी होती, ऊन होतं, आईच्या हातचं जेवण होतं. चाचणी कशी असते हे तुम्हाला माहीत झालं होतं. एकट्या माणसावरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण सुट्टी संपून तीन आठवडे मी कामावर होते, आणि पाय तर सुट्टीतही छळत होता. शिवाय २०१२च्या एका अभ्यासात मेंदूचे पीईटी फोटो काढून दाखवलंय की रोज गांजा ओढणाऱ्यांत त्याला प्रतिसाद देणारी ग्रहणकेंद्रं मेंदूच्या बाह्य थरात कमी झालेली असतात, आणि साधारण चार आठवडे बंद ठेवला की ती भरून येतात. माझ्या मटाराच्या सकाळचा दिवस मोजला. बाविसावा होता.

५३ काही परत आले नाहीत. मधले चार गुण वयाचे की एमएसचे, मला माहीत नाही. पण आठ गुण माझ्या आजाराच्या खात्यावर मी स्वतः चुकीचे टाकले होते, साहेबांसमोर बसून. दुसऱ्याच्या नावावर पगार टाकावा तसे.

मग सोडला का कायमचा? नाही. फेब्रुवारीत सलग सहा रात्री पाय आठवर होता आणि झोपेअभावी मी तशीही ठोंब्यासारखी वागत होते. मला नाही वाटत त्या आठवड्यात कुठल्याही चाचणीत मी चमकले असते. डॉक्टरांशी बसून ठरवलं: वाफेचं यंत्र घरातून बाहेर. फक्त तेल, तेही टीएचसी कमी असलेलं, फक्त रात्री, आठवड्यात तीनदाच, आणि पगाराची फाइल पाठवायच्या आदल्या दोन रात्री अजिबात नाही. मेमध्ये चाचणी झाली, ४७. पाय सरासरी पाच. दोन्ही आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिते आणि कुठल्याच एकाने माझं समाधान होत नाही.

बाटली आता कपाटात वरच्या फळीवर एका स्टीलच्या डब्यात असते. डब्याला कुलूप नाही, चिकटपट्टी आहे, तिच्यावर मी दर रविवारी पेनाने डबा उघडायचे वार लिहिते. या आठवड्यात पहिला वार 'बुधवार' लिहिलाय. काल रात्री अडीचला पाय ताठला तेव्हा स्टुलावर चढणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याला डबा खाली काढायला लावला. पट्टी नखाने निम्मी सोलली. तो काही बोलला नाही, नुसता पलंगाच्या कडेला बसून माझी पोटरी धरून राहिला. सकाळी उठून बघितलं तर पट्टी कुणीतरी पुन्हा दाबून बसवली होती. मी बसवली की त्याने, ते मात्र आठवत नाही.